आज चूक कोणाची?

वापरलेल्या नळ्या आमच्या रक्त तपासणीच्या लॅबमधून रोज बाहेर जातात, किस्से मात्र साठतच राहतात! फेकायला मन होत नाही, म्हणून सांगून टाकते.

मी आधी धुळ्याच्या एका लॅबमध्ये होते. तिथे 'चूक' हा शब्द निघाला की सगळे खाली बघायचे, कारण नंतर कोणाची तरी नोकरी जायची. जळगावात आले तर पहिल्याच दिवशी रिसेप्शनवरच्या पुष्पाअक्कांना कोणीतरी विचारलं, "आज चूक कोणाची?"

"नानांची! गरम आहे, लवकर या!"

मी घाबरतच आत गेले. टेबलावर कचोऱ्या होत्या. इथला नियमच तसा. आपली चूक कळताक्षणी आपणच सांगायची, कचोरी आणायची, विषय संपला. लॅबच्या डॉक्टर मॅडमचं म्हणणं एकच: "सांगितली तर चूक. दडवली तर लबाडी!"

*

नाना म्हणजे घरोघरी जाऊन रक्त घेणारे आमचे सिनिअर. एकदा त्यांना एका गल्लीतल्या पाटीलभाऊंकडे पाठवलं. त्या गल्लीत सात घरं पाटलांची! नानांनी भलत्याच पाटलांचं रक्त आणलं. त्या भाऊंनीही मुकाट्याने हात पुढे केला होता.

"अहो, बोलायचं तरी!" नाना नंतर त्यांना म्हणाले.

"डॉक्टरना मानूस घर येल शे, त्याले नही कसं म्हनू?"

त्यांची शुगर तीनशे निघाली. तोवर त्यांना पत्ताच नव्हता! नाना ऐटीत म्हणाले, "आता कचोरी त्यांनी आणायची!"

मॅडम म्हणाल्या, "फायद्याची झाली म्हणून चूक बरोबर होत नाही, नाना. जा."

*

पुष्पाअक्कांनी एका आबांचं वय बहात्तरऐवजी सत्तावीस टाइप केलं. दुरुस्तीला रिपोर्ट परत मागितला तर आबा देईनात. "ऱ्हाऊ दे, अक्का! घर जाईसन दखाडस!" म्हणत बायकोला दाखवायला घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी स्वतःच परत आले. "अक्का, बहात्तर करी दे. बायको माले घरनं बठ्ठं काम सांगी ऱ्हायनी!"

*

दुपारी चार वाजले की नानांना भूक लागते. एकदा सलग तीन दिवस कोणाचंच काही चुकलं नाही. नाना एका मशीनपासून दुसऱ्या मशीनपर्यंत फेऱ्या मारत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "कोणाची तरी चूक होऊ द्या रे! हे काही बरोबर नाही!"

*

हा किस्सा हसण्यासारखा नाही. नवीन होते तेव्हा माझ्या हातून रक्ताची एक नळी फुटली. धुळ्याची सवय गेली नव्हती. पेशंट एरंडोलच्या एक अक्का होत्या. त्यांना फोन करून सांगितलं, "मशीनला सॅम्पल पुन्हा हवंय." बिचाऱ्या उन्हात एसटीने परत आल्या, हात पुढे केला आणि वर माझ्यासाठी डब्यात भरीत-पुरी! म्हणाल्या, "पोरी, मशीनना पायी तुले बी कितला तरास!"

डबा मी घेतला. खरं मात्र सांगितलं नाही. त्याची लाज आजही वाटते.

*

मागच्या महिन्यात एकाच सकाळी दोन आशाबाई पाटील आल्या. दोघी पाचोऱ्याकडच्या, जवळपास एकाच वयाच्या. स्टिकर मी लावले. दुपारी नळ्या पुन्हा ताडून बघितल्या. अदलाबदल! हिमोग्लोबिन चार असलेला रिपोर्ट धडधाकट आशाबाई घेऊन गेल्या होत्या. फोन केला तर उचलेनात. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा मुलाने उचलला.

"ताई, आम्ही दवाखान्यात आहोत. आईला रक्त चढवायचंय."

"बाटली लावली?"

"नाही अजून. आणायला गेलेत."

"लावू देऊ नका! आई ठणठणीत आहे. चूक माझी आहे, माझी!"

पलीकडे मुलगा रडतच ओरडला, "आई, ऊठ! तुला काही झालेलं नाही!" मीही इकडे रडले. मग दुसऱ्या आशाबाईंना फोन लावला. त्या निवांत शेंगा सोलत बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्या अ‍ॅडमिट झाल्या, रक्त मिळालं, आता बऱ्या आहेत.

मॅडमना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्या फक्त "हं" म्हणाल्या. नोकरी गेली असं धरूनच मी रात्र काढली. सकाळी कचोरीचे दोन पुडे घेऊन गेले. टेबलावर आधीच एक पुडा होता, गरम.

"हा कोणाचा?" मी पुष्पाअक्कांना विचारलं. तेवढ्यात मॅडम केबिनमधून आल्या.

"माझा. रिपोर्टवर न बघता सही मी केली होती. तू दोन का आणलेस?"

"एक एरंडोलच्या अक्कांचा," मी म्हणाले, आणि फुटलेल्या नळीचं सगळं सांगून टाकलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग माझ्यासमोर बशी सरकवली. "खा. गार होतेय. दुपारी अक्कांना फोन कर."

केवढं हलकं वाटलं!

नानांनी तिन्ही पुड्यांकडे आळीपाळीने बघितलं, एक कचोरी उचलली आणि परत ठेवली.

"आता महिनाभर कोणी चुकू नका रे!"