मांजरी झोपते कुठे?

घरात मांजर नको, हे सासूबाईंचं मत मी लग्न होऊन भिसेगावला आले तेव्हापासूनचं. तरी एक पांढरी मांजरी आलीच, आणि दूध घालून मीच तिला लाडावलं. तिच्या कानाजवळचे केस गोल गोल झडायला लागल्यावर सासूबाईंना आयतं निमित्त मिळालं.

"बरी नाय झाली तर टेंपोत घालून कुंभिवलीला सोडायची हां!"

तिथल्या हायवेवर ती जगलीच नसती. मी तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे पळाले.

त्यांनी खोली अंधारी केली आणि एक जांभळा दिवा तिच्या कानावर धरला. झडलेल्या जागेच्या कडेचे केस हिरवेगार चमकले. घाबरायचं सोडून मी बघतच राहिले. मग त्यांनी दोन-चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, मलाही पाहू दिलं. केसाला बारीक मणी लगडले होते.

"बुरशी आहे. आपलं गजकर्णच. माणसालाही होतं," ते म्हणाले.

तोंडातून औषध आणि गंधकाच्या पाण्याची अंघोळ सुरू झाली. घरभर सडक्या अंड्यांचा वास! मांजरी सुधारली, आणि पुन्हा शेपटीपाशी नवा गोल. डॉक्टर म्हणाले, "झडलेल्या केसांतून परत होतंय. ती झोपते कुठे?"

ओट्यावरच्या पोत्यावर, असं मी म्हणाले खरी. पण ते पोतं तर बुरशी कळली त्याच दिवशी मी जाळलं होतं. आता मला शोधाचं वेडच लागलं. पांढरे केस हुडकत मी घर पालथं घातलं, आणि ते सापडले सासूबाईंच्या गोधडीवर. त्यांच्या आईच्या लुगड्यांची ती गोधडी. विरलीय म्हणून त्या तिला फक्त ऊन दाखवायच्या, पाणी कधीच नाही.

मी काही विचारायच्या आतच त्यांनी कमरेवरचा पदर सरकवला. तिथे लाल गोल, वर टाकळ्याच्या पाल्याचा हिरवा लेप.

"दुपारची येते गं कुशीत," त्या पुटपुटल्या. "हाकलवत नाय."

मला हसू आलं आणि भरूनही आलं. डॉक्टरांनी अंथरूण गरम पाण्यात धुवायला सांगितलंय, हे सांगताना मात्र जीभ अडखळली. सासूबाईंनी क्षणभर गोधडीवरून हात फिरवला, आणि स्वतःच ती उकळत्या पाण्यात बुडवली.

"फाटली तर परत शिवीन. मांजर कुठनं शिवू?"