कोरडी हळद

"तीन तासांत सरळ होतील ना?" कोमलच्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं.

कोमल माझ्या खुर्चीत बसली होती. तिच्या गळ्याभोवती मी कपडा बांधला होता. तिला अजून कोणी काही विचारलं नव्हतं.

धुळ्यातल्या एका पार्लरमध्ये मी केसांचं काम बघते. कट, कलर आणि केस सरळ करणं. यातलं तिसरं सगळ्यात जास्त चालतं. माझे स्वतःचे केस जन्मापासून कुरळे आहेत आणि रोज सकाळी कामाला येण्याआधी मी ते मशीनने सरळ करते. हा पार्लरच्या मालकीणबाईंचा, मॅडमचा नियम. "कुरळ्या केसांची मुलगी स्मूदनिंग कशी विकणार?" असं त्या म्हणतात. उन्हाळ्यात बारा वाजले की मानेवरचे केस घामाने परत वळतात. मग मॅडम आरशातून नुसत्या भुवया उंचावतात.

"साखरपुड्याच्या फोटोत हिचे केसच दिसताहेत," सासूबाई म्हणाल्या. "घोंगडं पांघरल्यासारखं. लग्नाच्या अल्बममध्ये मला हे नको."

मी कोमलच्या केसांत बोटं घातली. निरोगी केस. एक बट ओढून सोडली तर टुणकन जागेवर. असे केस गुंततात, कंगवे मोडतात, शाळेत बाई तेल लावून या म्हणतात आणि लग्नकार्यात अनोळखी बायका न विचारता हात घालून बघतात. पण न्हाऊन उन्हात उभं राहिलं की दहा मिनिटांत एकेक वेटोळं आपापलं जमून येतं. ते सुख सरळ केसवाल्यांना कळायचं नाही.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. स्क्रीनवर एका तरुणाचा फोटो. डोक्यावर हेच घोंगडं.

"हा नवरदेव का काकू?"

"हो, आमचा मयूर. सगळे म्हणतात, हिरोसारखे केस आहेत."

"मग त्यांची अपॉइंटमेंट कधीची लिहू?"

मॅडम खोकल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

"वैशाली, भाषण नको. क्रीम काढ."

"पण मुलगी हो म्हणाली का?"

"सासू म्हणाली ना."

फावल्या वेळात मी बायकांच्या हक्कांवर पत्रकं लिहिते; आताही माझ्या ओठांवर अख्खं पत्रक तयार होतं, मथळ्यासकट. ते गिळलं आणि बाहेर येऊन कोमललाच विचारलं, "तुला करायचेत का सरळ?"

तिने बोटाला एक बट गुंडाळली. "एकदा केले की परत येतात का, ताई?"

"मुळातून नवे वाढतील ते कुरळे येतील. हे आहेत ते नाही येणार."

"असू द्या मग. करून टाका," ती म्हणाली. बट मात्र सोडेना. पहिल्याच आठवड्यात सासरी वाद नको, एवढाच हिशोब तिच्या चेहऱ्यावर होता.

तत्त्वाचा मार्ग असा बंद झाला. आता फॉर्म. स्मूदनिंगआधी आम्ही गिऱ्हाइकाकडून एक फॉर्म भरून घेतो. स्मूदनिंग म्हणजे क्रीमने केसाची आतली बांधणी सैल करायची, मशीनने सरळ करायची आणि दुसऱ्या क्रीमने पक्की करायची. त्यानंतर तीन दिवस डोक्याला पाणी लावायचं नाही. लागलं तर केस अर्धे सरळ, अर्धे मुडपलेले राहू शकतात. फॉर्ममध्ये पुढच्या तीन दिवसांचे कार्यक्रम विचारलेले असतात. मॅडम तो रकाना कधीच भरत नाहीत. मी भरते.

"लग्न कधी?"

"परवा," सासूबाई म्हणाल्या.

"आणि हळद?"

"उद्या. शिरपूरला, आमच्याकडेच."

"हळदीनंतर नवरीला डोक्यावरून आंघोळ घालतात ना?"

मॅडम घाईने म्हणाल्या, "शॉवर कॅप देऊ ना आपण. फ्री."

"काकू, तुमच्याकडच्या बायका हळदीच्या मांडवात कॅप राहू देतील?"

सासूबाईंनी विचार केला. आपल्या हळदीत नवरीच काय, मांडववाला आणि फोटोग्राफरसुद्धा कोरडे घरी जात नाहीत. मग त्यांना तोडगा सुचला. हळदच कोरडी लावायची. नुसती गालाला. मोठ्या जाऊबाईंना त्यांनी फोन लावला. घरात त्यांना सगळे अक्का म्हणतात आणि अक्कांच्या पुढे कोणी जात नाही. फोन स्पीकरवर होता.

"अक्का, या वेळी हळदीला पाणी नको घालायला. नवरीच्या केसांना औषध लावतोय."

पलीकडून आवाज आला, "नवरीना डोकावर पानी नही पडनं ते ती हयद कसानी? बठ्ठं गाव हासी."

सगळं गाव हसेल, एवढं सुनावून फोन बंद.

सासूबाईंनी पर्स उचलली. "राहू द्या मग. अक्कांना नाही चालायचं." कोमलला काय चालतं हा मुद्दा तेव्हाही निघाला नाही. पण तिने बट सोडली आणि पहिल्यांदा आरशात बघितलं.

लग्नाच्या दिवशी तिचे केस मीच केले. ओल्या केसांत जेल चोळलं, सुती कपड्याने दाबून पाणी टिपलं, कंगवा लावलाच नाही. गजरा माळल्यावर बायका जवळ येऊन बघायला लागल्या. सासूबाई प्रत्येकीला शांतपणे सांगत होत्या, "मुद्दाम करून घेतले. धुळ्याच्या पार्लरमध्ये."

पुढच्या आठवड्यात शिरपूरहून तिघी आल्या. तिघींचे केस सरळ. तिघींना "त्या नवरीसारखे" हवे होते. मॅडमनी संध्याकाळपर्यंत फलकावर नवी ओळ लिहिली, ब्रायडल कर्ल्स, आणि मला सांगितलं, "उद्यापासून तू मशीन लावू नकोस. गिऱ्हाइकाला नमुना दिसला पाहिजे."

आता मी पार्लरमध्ये माझ्या केसांनी बसते. ही परवानगी मला तत्त्वाने मिळाली नाही, जाहिरातीने मिळाली. आणि कोमलचे केस माझ्या पत्रकाने नाही, एका बालदीभर पाण्याने वाचले. पत्रकं मी अजून लिहिते. फक्त फॉर्मचा तो रकाना आता आधी भरते.