आबांचं आवतन

आमच्या जोडीतला थोरला बैल लम्पीच्या रोगानं गेला अन् माझ्या सासऱ्यांनी अन्न सोडलं. ताट पुढं ठेवलं की भाकरीचा तुकडा मोडायचे, बोटांत फिरवायचे अन् "पुरे झालं" म्हणून उठायचे. नुसत्या चहावर माणूस किती दिवस काढणार? अंगातला सदरा लोंबायला लागला. मोताळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण जाताना माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, पोटात अन्न गेलं नाही तर म्हातारा हातचा जाईल.

मी तोंडाची फटकळ. एक दिवस म्हणालेच, "मामाजी, बैल गेला, पण आम्ही तं जित्ते आहो ना अजून?" ते उठून खोलीत गेले. सासूबाईंनी पिठलं केलं, ठेचा केला, शेवयांची खीर केली. सगळं वाया. मला राग यायचा, मग चुलीपाशी जाऊन रडू यायचं.

तशातच पोळा आला. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. कोमट तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं खांद्याला चोळायची अन् बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दरवर्षी हा मान मामाजींचा. यंदा ते खोलीतून बाहेरच आले नाहीत. नवऱ्यानं एकट्या धाकट्या बैलाचा खांदा शेकला. वाटीत अर्धं तूप तसंच उरलं.

माझी पोरगी पहिलीत जाते. ती वाटी घेऊन पसार झाली. मी मागं धावले, तर काय! मामाजी खाटेवर बसलेले, सदरा खांद्यावरून खाली ओढलेला, अन् ही बया पळसाच्या पानानं त्यांचा खांदा चोळतेय.

"अवं, काय करून राह्यली हे?" मी ओरडले.

"आबाचा खांदा शेकून राह्यली. आबानं बी तं लय काम केलं!"

मग त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आबा, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आबांना शिंगं नाहीत, म्हणून दोन्ही कानांना गेरू लावला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला तरी हसू फुटलंच. मामाजी हसले नाहीत. पण गेरू त्यांनी पुसलाही नाही.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या. बैल जेवल्याशिवाय घरात कोणी घास घेत नाही. धाकट्या बैलानं पोळी खाल्ली, मी ताटं वाढायला घेतली, तशी पोरगी हात पसरून चुलीपुढं उभी राहिली.

"आबा कुठी जेवले अजून? त्याईले आवतन देलं हाय मी. थे जेवल्याबिगर कोणीच नाही जेवाचं."

नवऱ्यानं समजावलं, मी डोळे वटारले. पोरगी हटेना. दुपार कलली. सकाळपासून तिच्याही पोटात काही नव्हतं, तोंड एवढंसं झालं होतं. शेवटी मामाजी खोलीतून बाहेर आले अन् तिच्यापुढं बसले.

"भूक लागली का वं तुले?"

"हाव."

"मंग खाय ना."

"तुमी पयले."

मामाजींनी पोळी मोडली. पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवला. मग दुसरा, तिसरा. पोळी संपली.

"मोठ्या बैलाच्या वाट्याची कुठी ठेवली वं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमीच तं खाल्ली आता," ती म्हणाली.

मामाजी रडले. बैलाला शेतात पुरलं तेव्हाही रडले नव्हते, ते लेकरासारखे मोठ्यानं रडले. सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग रडत रडतच त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं अन् म्हणाले, "अजून एक वाढ, माय."