मांडीचे टाके

माझ्या मांड्यांचं ऑपरेशन झालं, हे एवढंसं वाक्य मी वर्षभर बोलू शकले नाही, कारण ते बोलायचं नाही असं सासूबाईंनी ठरवलं होतं. वजन भराभर उतरल्यावर मांड्यांची कातडी झोळीसारखी लोंबायला लागली. अमरावतीच्या उन्हाळ्यात, राजापेठेतल्या माझ्या ट्यूशनचा जिना चढताना ती घासून सोलायची, रक्त यायचं. ती जादा कातडी काढून टाकायची, एवढंच ते ऑपरेशन. पण सुनेच्या मांड्यांची चर्चा चारचौघांत नको म्हणून सासूबाईंनी नातेवाइकांना परस्पर सांगून टाकलं की पिशवी काढली. आमच्याकडे गर्भाशयाची पिशवी काढणं दाढ काढण्याइतकं सर्रास आहे, कोणी खोलात विचारत नाही. नवऱ्यानं मान डोलावली. माझ्या शरीरातून काय काढलं, हे मला सोडून सगळ्यांनी ठरवलं.

दोन महिने खाली बसायचं नाही, मांडी तर अजिबात घालायची नाही, जांघेतले टाके ताणतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिना होतो न होतो तोच महालक्ष्म्या आल्या आणि तेल्हाऱ्याहून चुलतसासूबाई आल्या. त्या घरात सगळ्यांत मोठ्या, त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. सोवळ्याच्या स्वयंपाकाला कोण बसणार, यावर दरवर्षी सुनांच्या पाळीच्या तारखांचा घोळ व्हायचा. या वेळी मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आता तुले कायची अडचण? पिशवीच नाई राह्यली. सगळा सैपाक तूच कर."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या समया पुसत राहिल्या. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, तरी पुसत राहिल्या. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गॅस देवघरासमोर खाली मांडला होता. पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळं मी पाटावर मांडी घालून केलं. जेवणाच्या दिवशी पोळ्या लाटताना जांघेत उसवल्यासारखं झालं आणि ओल लागली. सासूबाईंना आत नेऊन मी काय काय झालंय ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गप राय. पंगत बसून राह्यली."

जखमेत पू झाला. ड्रेसिंग महिनोन् महिने चाललं. भरली तेव्हा जाड, खाली ओढलेला व्रण राहिला, पाऊल टाकलं की ताणणारा. डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळलं नाही तर मी काय करणार, आणि कपड्यांच्या आत कोण पाहतंय. मी पाहते ना! आणि त्याच पायांनी मलाच चालायचं असतं, डॉक्टरसाहेब.

शेवटी अकोल्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. व्रण मऊ पडेपर्यंत त्यांनी थांबायला लावलं. मग तो कापून काढला आणि कातडी वर घेऊन हाडाजवळच्या चिवट थराला घट्ट शिवली. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आता उसवलं तर पुन्हा ओढून घ्यायला कातडी उरणार नाही."

हे टाके ओले असतानाच पुन्हा महालक्ष्म्या आल्या. चुलतसासूबाईंनी माझ्यासाठी पाट सरकवला. सासूबाई समया पुसायला लागल्या.

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "माझी पिशवी काढलीच नाई. मांड्याईचं ऑपरेशन झालं, दोनदा. मी खाली बसनार नाई."

भाज्या निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. माझे पाय कसे आहेत, हे एकीनंही विचारलं नाही. चुलतसासूबाईंच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं.

"मंग तुले पाळी येते?"

"येते ना. मागच्या वर्षी इथंच, पोळ्या लाटतानाच आली. आईंना तवाच सांगतलं होतं मी. तुमी त दोनदा पोळी मागून घेतली."

त्या वर्षी पाटावर सासूबाई बसल्या.