झाकलेल्या मडक्यातला गवती चहा

बा राजूरच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. पाळी करून आला की बाजेवर बसायचा आणि दम खाली बसेपर्यंत कोणाशी बोलायचा नाही.

माय त्याच्यासाठी गवती चहा करायची. पाती सावलीत मलूल झाली की ती हातानं चुरायची, मडक्यात गच्च दाबायची आणि तोंडावर ओलं फडकं बांधून वर झाकण ठेवायची. दुसऱ्या दिवसापर्यंत मडकं उघडायचं नाही. त्याच्याजवळ मोठ्यानं बोलायचंही नाही. "पान झोपलं हाय," म्हणायची. मग पाती सावलीत वाळवायची. त्या चहानं बाला बरं वाटायचं.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा घरातले देव नदीत सोडले. पुढे मी यवतमाळला कॉलेजात गेलो. आमच्या घरातला मी पहिलाच. उन्हाळ्याच्या सुटीत आलो, तर मडकं तसंच झाकलेलं. मला लाज वाटली.

"माय, देव गेले, मंग हे काहून ठेवलं? पान कुठं झोपते का?"

"माह्या सासूनं सांगतलं होतं."

"घ्या, मास्तर आले घरी!" बा हसला. "ऐक आता त्याचं."

माय हसली नाही. "तू शिकला, बाबू. तुले जास्त कळते." तिनं स्वतःच फडकं सोडलं आणि पाती उन्हात पसरली.

त्यानंतर बा म्हणायचा, चहा फिका लागते. पण प्यायचा. त्याच हिवाळ्यात तो गेला. छातीत खाणीची धूळ होतीच. चहानं तो वाचला असता, असं मी म्हणत नाही.

पुढच्या वर्षी वर्गात सर झाडांच्या पानांविषयी सांगत होते. तोडलेलं पान लगेच मरत नाही. हवा बंद करून ठेवलं तर आत बदल होत राहतात, काही पानांत गुणकारी द्रव्यं वाढतात. मला मायचं झाकलेलं मडकं आठवलं. त्या दिवसापासून वसतिगृहात कोणी खोकलं की मी दचकून दाराकडे पाहायचो.

घरी गेलो तेव्हा माय शेजारणीसाठी पाती उन्हात पसरत होती.

"माय, मडकं झाकत जा पहिल्यासारखं."

"ते तं देवाधर्माचं होतं ना रे?"

"नाही. पानासाठीच होतं. माहंच चुकलं."

तिचा हात पातींवर थांबला.

"मंग तुह्या बाचा दम..." ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मी खाली बसलो आणि उन्हातली पाती गोळा करू लागलो.