पालथोबाचे मुख

औंढ्याच्या शिवारात येसूबाईंचे जे मोठे खाचर आहे, त्याच्या मधोमध एक पाषाणपुरुष पालथा निजलेला होता. दोन माणसे डोक्याला पाय लावून निजली तरी पुरी पडू नयेत, एवढी त्याची लांबी. रुंद खांदे, मानेवर उतरलेला केशसंभार, कटिवस्त्राच्या कोरीव चुण्या, एवढेच त्याचे दर्शन. मुख धरित्रीच्या कुशीत. तो कोणी घडवला, कोठून आणला, पालथा का पडला, हे जाणणारे कोणी उरले नव्हते. गाव त्याला पालथोबा म्हणे.

टाकवे बुद्रुकहून येसूबाई या घरी नांदायला आल्या, तेव्हा सासूबाईंनी खाचर दाखवतानाच बजावले होते, "हेचं तोंड बघायचं न्हाई. ज्यानं बघितलं, त्येच्या घरातला दिवा इझतो, हिरीचं पानी आटतं." का, हे सासूबाईंनाही ठाऊक नव्हते. निषेध पिढ्यानुपिढ्या चालत येतो आणि त्याचे प्रयोजन वाटेत कोठेतरी गळून पडते. हाती उरते ते भय, आणि माणूस तेही भक्तिभावाने जपतो. येसूबाईंनी ते जपले.

दरसाल भात कापून झाले की पहिल्या पेंढीची झोडणी पालथोबाच्या पाठीवर होई. येसूबाईंचे यजमान मारुती पेंढी आपटता आपटता म्हणत, "पाठ बडवून घेतो, पर तोंड दावत न्हाई. रुसलीस की तूबी अशीच निजतीस."

"गुमान झोडा. लय बोलता," असे म्हणून येसूबाई पदराआड हसत.

मारुतींना मात्र त्या मुखाचा ध्यास होता. लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. भाकरी घेऊन येसूबाई बांधावर आल्या, तो हे गृहस्थ मातीत आडवे पडलेले आणि उजवा हात खांद्यापर्यंत मूर्तीखाली उकरलेल्या बिळात. मुद्रा अशी प्रफुल्ल, की जणू एखादे पोर आंब्याच्या ढोलीत पोपटाचे पिल्लू चाचपत आहे.

"येसू, कान लागला गं! केवढं कुंडल हाय त्येच्यात! थांब, आता तोंडाकडं जातो. हसतोय का बघतो."

अमृत तेव्हा येसूबाईंच्या पोटात होता. हातातले गठुडे तेथेच टाकून त्या ओरडल्या, "काढा हात! पोटात पोर हाय माझ्या. माझ्या गळ्याची शपथ हाय तुमाला!"

मारुतींनी हात काढला. बांधावरची तांबडी माती आणून बीळ मुकाट्याने बुजवले. "हसतच आसंल," एवढेच पुटपुटले.

अमृत सुखरूप जन्मला, वाढला, लोणावळ्यात नोकरीला लागला, बापही झाला. मारुतींनी शपथ कधी मोडली नाही. ती सोडवून घ्यायची खटपट मात्र कधी थांबवली नाही. "पोरगं बापापेक्षा उंच झालं की. आता तरी सोड." येसूबाई बधल्या नाहीत. गेल्या वर्षी अंथरुणाला खिळल्यावर मारुतींनी पुन्हा तोच विषय काढला.

"लोणावळ्यात किरेन मिळती, येसू. एकदा उचलून दाव."

"बरं वाटू द्या आदी. मंग बघू."

बरे वाटले नाही.

यंदा चैत्रात प्राचीन मूर्तींच्या अभ्यासक अनघाताई पालथोबाला संग्रहालयात न्यायला आल्या. अमृतने होकार दिला होता. येसूबाईंनी मोडता घातला नाही. ज्यांनी मागितले त्यांना नाकारून झाले होते. आता कोणाला अडवायचे? क्रेनची घरघर ऐकू आली, तशा त्या घरात भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि गोणपाटात गुंडाळलेली मूर्ती ट्रकमधून गेल्यावरच उठल्या.

अमृत मोबाईल पुढे करीत आला. "आये, फोटो बघ. आन् हीर आटली न्हाई बरं का! सकाळधरनं पंप चालूच हाय."

तो हसत होता. नातवंडे अंगणात भांडत होती. देव्हाऱ्यातली ज्योत स्थिर होती. काहीही झाले नव्हते, आणि काहीही झाले नाही हाच घाव येसूबाईंच्या जिव्हारी बसला. मोबाईल त्यांनी बाजूला सारला. "तुझ्या बापानं न्हाई बघितलं. मी कशाला बघू?"

उन्हे कलल्यावर त्या खाचरात गेल्या. मूर्तीच्या जागी लांबलचक खळगा पडला होता. अनघाताई काठावर बसून टिपणे काढीत होत्या.

"मावशी, या. ही मूर्ती कोणी पाडलेली नाही. कपाळाखाली आणि छातीखाली सपाट दगड रचलेत. मुखाला इजा होऊ नये म्हणून कोणीतरी जपून निजवली आहे."

"कुणी? कशापायी?"

"ते नाही सांगता येत. यक्ष असेल, राजा असेल. कुंडलावरून ओळख पटत नाही."

येसूबाईंनी खळग्यात पाहिले आणि त्या थबकल्या. मूर्तीखालच्या पोकळीत साचलेल्या काळ्या, ओलसर मातीत त्या मुखाचा ठसा उमटला होता; नाकाच्या जागी खाच, ओठांच्या जागी पन्हळ, बाजूला कुंडलाचे खोल वर्तुळ. बांधाच्या अंगाने तांबड्या मातीचा एक पट्टा आत शिरला होता, माणसाच्या हाताएवढा, आणि कुंडलापाशी संपला होता.

"इथं पूर्वी कोणी उकरलं होतं का हो?" अनघाताईंनी सहज विचारले. "आणखी वीतभर हात गेला असता, तर ओठांना लागला असता."

"अमृतच्या बापानं," येसूबाई म्हणाल्या.

अनघाताई निघून गेल्यावर त्या गुडघे टेकून खाली बसल्या आणि त्या तांबड्या पट्ट्यावर त्यांनी आपला हात लांबवला. बोटे कुंडलापाशी थांबली.

"शपथ सुटली, आवं," त्या हलकेच म्हणाल्या. "जा म्होरं."

आणि यजमानांना नाकारलेली ती वीत त्यांनी स्वतः ओलांडली. बोटे ओठांच्या पन्हळीत टेकली. पण ती ओली मातीच, स्पर्शासरशी खचली. त्यांनी घाईने हात उचलला, तेव्हा तेथे चार बोटांचे वळ तेवढे उरले होते. ते ओठ हसत होते की नाही, हे आधी पाहून घ्यायचे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

बांधावरून अमृतने हाक दिली, "आये, उद्या ट्रॅक्टर घालून सपाट करू का गं?"

हाताची माती पदराला न पुसता येसूबाई उठल्या.

"कर."