माई ट्रायलला निघतात

आबा मेस्त्रींच्या गॅरेजात आवाजाची तक्रार घेऊन गाडी आली, की आबांनी हातात पाना घेण्याआधीच त्यांच्या पत्नी, माई, पुढच्या सीटवर जाऊन बसलेल्या असत. चुलीवरचं उतरवून, पदराला हात पुसत, खुशाल. मसुऱ्याच्या रस्त्यावरचं ते गॅरेज फोर-व्हील जीपांसाठी पंचक्रोशीत नावाजलेलं. "मेस्त्र्याक बायलेशिवाय करमना नाय," अशी थट्टा चालायची. "मगे तुमच्या पोटात कित्याक दुखता?" म्हणत माई खिडकीची काच खाली करत.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तो घामाघूम होऊन. वाळूवरून होड्या ओढायला जुनी फोर-व्हील जीप नुकतीच घेतली होती आणि डांबरी रस्त्यावर प्रत्येक वळणाला ती खालून करकरत होती. इथून आवाज येतो, तिथून येतो, असं मी सांगू लागलो. माईंनी हात वर केला.

"खंय वाजता ता सांगू नको रे झिला. लोखंड आवाज खंयचो खंय नेता. कधी वाजता ता सांग."

वळताना, म्हटलं.

"वाळयेतसून वर इल्यार तो दांडो मागे घेतलंस?"

वाळूत चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा मी घातला तसाच ठेवला होता. "गाडीक कायएक झाला नाय," माई म्हणाल्या, "तिका वाटता ती अजून वाळयेतच आसा." आबा पोट धरून हसले.

माईंनी पान्याला कधी हात लावला नाही. काळ्या तेलाची त्यांना शिसारी होती. पण कान असा तिखट, की ट्रायल म्हणजे नवराबायकोचं भांडणच. आबा म्हणत बेरिंग, माई म्हणत क्रॉस, म्हणजे शाफ्टाचा सांधा. "रिवर्समधसून पयल्यात घालताना कट्ट करता, ता बेरिंग कसा करीत?" आबा चिडून गाडी पुन्हा मागेपुढे घेत. कधी आबांचं खरं निघे, कधी माईंचं. माई हरल्या की त्या दिवशी आबांच्या कढीत मीठ कमी.

पुढे पुढे आबा भांडेनासे झाले. माई म्हणतील त्याला, "व्हय, तसाच." ह्यांचं कामावरचं मन उडालं, असं माईंनी धरलं. त्यात त्यांचा पुण्यातला मुलगा दोघांना कायमचं बोलावत होता आणि आबांनी माईंना न विचारता त्याला होकार देऊन टाकला. गॅरेज बंद होणार होतं. माईंनी अबोला धरला. मला म्हणाल्या, "थयसर जावन मी काय ऐकू? लिफ्ट?"

नेमकी त्याच दिवसांत माझी जीप पुन्हा वाजायला लागली. अबोला असला तरी माई ट्रायलला आल्याच. स्टिअरिंगवर आबा, खिडकीशी माई आणि मध्ये मी, निरोप्या.

"त्येंका सांग, पाय दाबा."

आबांनी अॅक्सिलरेटर दाबला. आवाज नाही.

"आता त्येंका सांग, सोडा."

पाय सोडला की मागून असा हेल निघे, की रस्त्याकडेच्या म्हशी माना वर करत. एरवी काय बिघडलंय ते आधी माईच सांगायच्या. त्या दिवशी त्या हट्टाने गप्प. "त्येंका इचार, काय वाजता?"

आबांनी पुन्हा पाय दाबला, सोडला. गाडी केकाटत होती. आबा समोर बघत म्हणाले, "तिका सांग, आज काय वाजना नाय."

हा निरोप माझ्याने देववेना. माई माझ्या अंगावरून वाकून आबांकडे बघत राहिल्या. मग हाताने खूण करत थेट बोलल्या, "गाडी थांबवा."

गाडी थांबली.

"तुमका ऐकाक येना नाय?"

आबा स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसू लागले. माईंचे ओठ पाहूनच त्यांना प्रश्न कळला असावा. "मेस्त्र्याक ऐकाक येना नाय म्हटल्यार गाडी कोण हाडतलो? म्हणान म्हटलंय, लोकांका कळूच्याआधी जावया."

"आणि माका सांगूक काय झाला होता?"

"तुका कळला की तू माझ्याशी भांडूची नाय."

माईंनी डोळ्यांना पदर लावला, तोही रागानेच. मग आबांच्या कानाशी ओरडल्या, "ऐकाक मी आसंय! तुमी खोला! मागच्या हाउसिंगातला बेरिंग गेला!" आणि माझ्याकडे वळून, "तू मधी कित्याक बसलंस रे? मागे जा."

मी मागे गेलो. इतक्या आनंदाने मी कधी कुणासाठी सीट सोडली नसेल. मागच्या आसाच्या पेटीतलं बेरिंगच गेलं होतं.

पुण्याला नकार कळवला गेला. त्यानंतर गॅरेज आणखी काही वर्षं चाललं. माई ऐकत, आबा खोलत, आणि मुद्दाम वाकडं निदान सांगून माईंना भांडायला लावत. त्यांचा आरडाओरडा रस्त्यापर्यंत येई. मला तो फार आवडायचा.

गेल्या वर्षी माई थोड्याशा तापाचं निमित्त होऊन गेल्या. दिवसकार्य झाल्यावर एक जीप आली. आबा स्टिअरिंगवर बसले, शेजारच्या सीटकडे पाहिलं आणि किल्ली न फिरवताच खाली उतरले. मला म्हणाले, पुण्याक फोन लाव. मी लावून दिला. पलीकडून मुलगा काही विचारत होता. त्याचं बोलणं संपायच्या आतच आबा मोठ्याने म्हणाले, "ने माका. हयसर आता माका कायएक ऐकाक येना नाय."